‘वय झालं’ हे निदान नव्हे

(जाम, जि. वर्धा येथे बचत गटांतल्या बायका आणि कार्यकर्त्या यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन.)



मघाशी गाणं झालं, घोषणा झाल्या. घोषणा देताना आपण मूठ वर करतो. मी इथून समोरून बघत होते. पुढच्या दोन रांगांत पन्नाशी-साठीच्या बायका बसल्या आहेत. त्यातल्या काहींची मूठ कानापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. एकीनं डाव्या हातानं उजवं कोपर धरून हात वर नेला. एकीनं तर मूठ मांडीवरच आवळली. आवाज मात्र सगळ्यांचा खणखणीत होता.

आजचा विषय ठरला तेव्हा आमच्यातल्याच एका कार्यकर्तीनं विचारलं, “खांदेदुखी हा काय स्त्री-प्रश्न आहे का?” तिचं चुकलं नाही. आरोग्य म्हटलं की आपण बाळंतपण, गर्भाशय, रक्तपांढरी याच्यावर बोलतो. मूल होण्याचं वय संपलं की बाईचं शरीर सरकारच्या कार्यक्रमातूनही सुटतं आणि आपल्याही. उतारवयातल्या बाईचा खांदा, गुडघा, कंबर यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही. बोललंच तर दोन शब्दांत आटोपतं : वय झालं.

हे दोन शब्द मी स्वतः माझ्या आईला म्हटले आहेत. म्हणून आज तिच्यापासूनच सुरुवात करते. तिची परवानगी घेतली आहे.

माझी आई इथलीच, जामची. वय 63. श्रावणात अंगणात पाय घसरला. हातात पाण्यानं भरलेला गुंड होता. पडताना तिनं उजवा हात टेकवला. त्या दिवसापासून हात वर जाईना. बोटं हलत होती, कोपर वाकत होतं, पण हात खांद्यातून उचलला जाईना. शेजारणीनं तेल लावून चोळून दिलं. मग हाड बसवणाऱ्याकडे नेलं, त्यानं ओढून पट्टी बांधली. आठ दिवसांनी एका खाजगी दवाखान्यात नेलं. तिथे समोरून एक एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे म्हणाले, गळ्यात झोळी दिली, गोळ्या दिल्या. पुढे दोन वेळा खांद्यात सुई दिली. कशाची सुई ते सांगितलं नाही, आणि आईनं विचारलं नाही. या सगळ्यात तिचे दोन्ही खांदे उघडे करून शेजारी-शेजारी कोणी पाहिले नाहीत.

मी तेव्हा बाहेरगावी होते. फोनवर विचारलं की ती म्हणायची, “काही नाही व, जरासा मुरगळला. मले काय आता कबड्डी खेळाची हाय?” आणि मी, एम. एस. डब्ल्यू. झालेली, दुसऱ्यांच्या आयांना हाताला धरून दवाखान्यात नेणारी, मी तिला म्हटलं, “बाम लाव आई. वय झालं, थोडं दुखणारच.”

दिवाळीला घरी आले. सकाळी आई वेणी घालत होती. हात केसांपर्यंत जात नव्हता म्हणून ती मान खाली वाकवून केस हातापाशी आणत होती. ब्लाऊज माझी वहिनी चढवून देत होती. दांडीवर कपडे वाळत घालणं तिनं कधीच सोडलं होतं. हे सगळं तीन महिने चाललं होतं आणि घरात कोणालाही ते आजारपण वाटलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं, म्हातारी झाली.

मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे मागितला नाही. आईला स्टुलावर बसवलं, नर्सबाईंना बोलावलं, पदर-ब्लाऊज सरकवून मागून दोन्ही खांदे पाहिले. मला बोलावून दाखवलं. उजव्या फऱ्यावर खळगा पडला होता, मांस आटलं होतं. डॉक्टरांनी तिचा हात स्वतः उचलून बाजूला आडवा धरला. हात सहज आला. म्हणाले, “आई, आता मी सोडतो, तुम्ही असाच धरून ठेवा.” त्यांनी सोडला आणि हात धपकन खाली पडला. पुढे सोनोग्राफी झाली, पण निदान तिथेच झालं होतं. खांदा उचलणारे स्नायू हाडाला ज्या पट्ट्यांनी जोडलेले असतात, त्या पट्ट्या पडण्याच्या वेळीच तुटल्या होत्या. एव्हाना त्या मागे ओढल्या गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “पहिल्या काही आठवड्यांत आला असता तर शिवून जोडायचा विचार करता आला असता. आता ते होणार नाही.”

ते तीन महिने कोणाच्या हिशोबात टाकायचे? दवाखान्याच्या टाकले तर अर्धेच होतात. उरलेले अर्धे आमच्या घराचे आहेत, माझे आहेत.

खांदा असा का?

थोडं समजून घेऊ. मांडीचं हाड खोल वाटीत बसलेलं असतं. खांद्याची वाटी उथळ असते, बशीसारखी. म्हणून हात चहूबाजूंनी फिरतो, आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. दंडाच्या हाडाचा गोळा त्या बशीवर धरून ठेवायचं काम चार स्नायूंच्या पट्ट्या करतात. वयाबरोबर या पट्ट्या झिजतात. साठीनंतर कित्येकांच्या पट्टीला दुखण्याशिवायच चीर गेलेली असते. म्हणजे वयाचा संबंध आहे, मी नाकारत नाही. पण वय हे निदान नव्हे. निदान झालं म्हणजे काय बिघडलं, का बिघडलं आणि आता काय करता येईल, या तिन्हींची उत्तरं मिळतात. ‘वय झालं’ म्हटल्यानं यातलं एकही मिळत नाही.

आणि कामाचं काय? आपल्या भागातली बाई वयाच्या बाराव्या-पंधराव्या वर्षापासून कापूस वेचते. कमरेला ओटी बांधून दिवसभर हात पुढे. निंदण, पऱ्हाटी उपटणं, डोक्यावर गाठोडं, विहिरीचं पाणी, घरी आल्यावर धुणं, भाकरी. पुरुषाचा खांदा बैलजोडी धरून दुखला तर त्याला कष्टाचं दुखणं म्हणतात. बाईचं दुखणं मात्र वयाच्या खात्यात जातं, कारण तिच्या कामाला कामच म्हटलेलं नसतं.

कुठे जायचं?

जामच्या चौकात उभं राहिलं की एक रस्ता नागपूरला जातो, एक हिंगणघाटवरून हैदराबादकडे, एक वरोऱ्यावरून चंद्रपूरला. रस्त्यांच्या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. चांगल्या डॉक्टरपर्यंत नेणारा रस्ता कोणता, हे मात्र पाटीवर लिहिलेलं नसतं.

तालुक्याला समुद्रपूरला ग्रामीण रुग्णालय आहे, हिंगणघाटला उपजिल्हा रुग्णालय, वर्ध्याला जिल्हा सामान्य रुग्णालय. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत केले आहेत. त्याहून पुढची गरज पडली तर सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, 1969 साली सुरू झालेलं. सावंगी मेघेला आहे. नागपूरला मेडिकल आहे, मेयो आहे, आणि मिहानमध्ये एम्स आहे. आपल्या जिल्ह्यात दोन-दोन वैद्यकीय महाविद्यालयं असूनही आपल्या बायका पट्टी बांधून घरी बसतात. अडचण नुसत्या अंतराची नाही. घरात बाईच्या दुखण्याचा नंबर बैलाच्या दुखण्यानंतर लागतो, ही खरी अडचण आहे.

पैशाचं म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत 2023 च्या निर्णयानं सगळ्या शिधापत्रिकाधारक कुटुंबांना घेतलं आणि वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण ठरवलं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला गाठा. पण ध्यानात ठेवा, ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आपली शस्त्रक्रिया यादीत बसते का, हे भरती व्हायच्या आधी विचारा. 155388 या मोफत क्रमांकावरही विचारता येतं. एस. टी.त 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत आहे.

चांगला डॉक्टर ओळखायचा कसा?

बायका मला विचारतात, “चांगला हाडाचा डॉक्टर सांग ना बाई.” मी नाव सांगत नाही. खुणा सांगते. नाव एका गावात चालतं, खुणा सगळीकडे चालतात.

पहिली खूण. तो हात लावून तपासतो. दोन्ही खांदे उघडे करून तुलना करतो. तुम्हाला हात उचलायला लावतो आणि मग स्वतः उचलून बघतो. हे फार महत्त्वाचं आहे. हात तुम्हालाही उचलत नाही आणि त्यालाही उचलता येत नाही, तर सांधा आखडलेला असण्याची शक्यता जास्त. त्याला उचलता येतो पण तुम्हाला नाही, तर पट्टी किंवा नस यांचा विचार करावा लागतो. ही तपासणी दोन मिनिटांची आहे, यंत्र लागत नाही. पुरुष डॉक्टर तपासताना सोबत बाई हजर असावी, हा आपला हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या 2018 च्या रुग्णहक्क सनदेत तो नोंदवला आहे. लाजून तपासणी टाळू नका, बाई हजर ठेवून तपासणी करून घ्या.

दुसरी खूण. तो विचारतो, “काम काय करता? कशा पडलात? रात्री कुशीवर झोपता येतं का? साखरेचा आजार आहे का?” मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि चाळीस ते साठ या वयात ते बायकांमध्ये अधिक दिसतं. कित्येकींना खांद्याच्या निमित्तानंच कळतं की रक्तात साखर आहे.

तिसरी खूण. पडल्यानंतरचा एक्स-रे तो एकाच बाजूनं काढून थांबत नाही. मागच्या बाजूला निखळलेला खांदा समोरच्या फोटोत सुटून जाऊ शकतो, म्हणून दुसऱ्या बाजूनंही फोटो लागतो. एक्स-रेत हाड दिसतं, पट्टी दिसत नाही. तेव्हा ‘हाड शाबूत’ म्हणजे ‘खांदा शाबूत’ नव्हे. पट्टीसाठी सोनोग्राफी पुष्कळदा पुरते, प्रत्येकीला एम. आर. आय. लागतोच असं नाही.

चौथी खूण. सुई देण्याआधी तो सांगतो की ती कशाची आहे. स्टेरॉइडची सुई काही दुखण्यांत उपयोगी पडते, पण मधुमेह असलेल्या बाईची साखर त्यानं काही दिवस वाढते, आणि सुया पुन्हा पुन्हा घेतल्या तर पट्टी कमकुवत होऊ शकते. दुखण्याच्या गोळ्याही महिनोन् महिने खायच्या नसतात. पोट, मूत्रपिंड, रक्तदाब, तिन्हींवर परिणाम होतो.

पाचवी खूण. तो व्यायाम सांगतो, करून दाखवतो किंवा फिजिओथेरपीकडे पाठवतो, आणि पुन्हा कधी यायचं ते सांगतो.

सहावी खूण. साध्या पडण्यानं हाड मोडलं असेल तर तो नुसतं हाड जोडून सोडत नाही. पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून मनगट किंवा खांदा मोडला, तर हाडं ठिसूळ झाल्याची ती सूचना असते. आज खांदा मोडला, उद्या खुबा मोडू शकतो. चांगला डॉक्टर हाडांच्या ताकदीचं बोलतो.

आणि पाटीवरची अक्षरं वाचा. हाडाच्या तज्ज्ञाच्या नावापुढे एम. एस. ऑर्थो, डी. एन. बी. ऑर्थो किंवा डी. ऑर्थो असतं. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. तो विचारण्यात उद्धटपणा नाही. हाड बसवणाऱ्यांबद्दल मी तुच्छतेनं बोलणार नाही. जवळ दुसरं काही नव्हतं तेव्हा तेच धावून आले. पण एक्स-रे झाल्याशिवाय मोडलेला किंवा निखळलेला खांदा ओढू द्यायचा नाही, एवढं पक्कं ठरवा.

ऑपरेशन सांगितलं तर

तर घाबरूही नका आणि लगेच सहीही करू नका. तीन प्रश्न विचारा. नाही केलं तर काय होईल? केल्यानंतर किती महिने हात बांधलेला राहील? तुम्ही स्वतः वर्षाला अशी किती करता?

ब्रिटनमध्ये खांद्याजवळ दंडाचं हाड मोडून सरकलेल्या 250 रुग्णांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय 66, आणि बहुतेक बायकाच. निम्म्यांचं ऑपरेशन केलं, निम्म्यांना झोळी आणि व्यायाम. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या हाताच्या कामात फरक आढळला नाही. 2018 साली तिथलाच दुसरा अभ्यास आला. दुखऱ्या खांद्यातलं हाड दुर्बिणीतून घासून जागा करायची शस्त्रक्रिया करतात, तिचा फायदा नुसती दुर्बीण घालून बाहेर काढल्यापेक्षा म्हणण्यासारखा जास्त नव्हता.

याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही. सांधा निखळला आणि हाडही मोडलं, तर ते लागू शकतं. पडल्यावर पट्टी अचानक तुटली तर वेळेवर शिवणं हाच चांगला मार्ग असू शकतो. माझ्या आईचं तेच हुकलं. पट्टी शिवण्याच्या पलीकडे गेली तर सांधा बदलण्याचीही शस्त्रक्रिया आहे. म्हणून दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या, तो तुमचा हक्क आहे. कागद मागा. मागितल्यापासून 72 तासांत कागदपत्रं द्यावीत असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्क सनद लावावी, हे 2021 सालापासून राज्याच्या नियमांत आहे. भिंतीवर शोधा. नसेल तर विचारा.

वाट पाहायची नाही अशा वेळा

पडल्यावर हात अजिबात उचलत नाही. खांद्याचा आकार बदलला. दंड किंवा बोटं बधिर झाली, हात गार पडला. जखमेतून हाड दिसतं. खांदा सुजून लाल झाला आणि ताप आहे. यातलं काहीही असलं तर तेल नाही, चोळणं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि न पडता, न लागता खांदा दुखतो आहे, सोबत छातीत दाब आहे, घाम येतो आहे, तर हाडाचा डॉक्टर शोधू नका. ते हृदयाचं असू शकतं, 108 ला फोन करा.

“पडले” म्हणणाऱ्या बाया

एक गोष्ट राहिली. आमच्याकडे आलेल्या एका साठीच्या मावशींचा खांदा दोनदा निखळला होता. दोन्ही वेळा केसपेपरवर लिहिलं होतं, “घरात पडली.” तिसऱ्यांदा आमच्यातल्या एकीनं नर्सबाईंच्या मदतीनं मुलाला बाहेर बसवलं आणि शांतपणे विचारलं, “मावशी, कोणी हात पिरगाळला का?” मावशी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “शेताच्या कागदावर अंगठा मागत होता.”

नवऱ्याच्या मारावर आपण खूप काम केलं. म्हातारीला पोटचा मुलगा मारतो, यावर तोंड उघडायला आपल्यालाही जड जातं. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आईलाही लागू आहे, आणि त्याखाली वैद्यकीय मदत देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. 181 हा बायकांसाठीचा मदत क्रमांक आहे. चांगला डॉक्टर बाईला एकटीला विचारतो आणि ती सांगते ते नोंदवतो. तो विचारत नसेल तर सोबत गेलेल्या आपण विचारायचं.

गटानं काय करायचं?

चांगला डॉक्टर शोधणं हे एकट्या म्हातारीचं काम नाही. तिच्याकडे मोबाईल नाही, पैसे नाहीत, आणि ‘मले काय झालं’ म्हणायची सवय मात्र आयुष्यभराची. तेव्हा चार गोष्टी ठरवू.

गटाची एक वही ठेवू. दवाखान्यात जाऊन आलेलीनं त्यात लिहायचं : कुठे, कोणत्या वारी हाडाचे डॉक्टर बसतात, हात लावून तपासलं का, व्यायाम सांगितला का, खर्च किती, पावती दिली का. सहा महिन्यांत त्या वहीत आपल्या तालुक्याचं खरं चित्र येईल.

दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक मावशीसोबत एक जण जाईल. तपासणीच्या वेळी ती आत बसेल, तिथलं नीट ऐकेल आणि घरी येऊन घरच्यांना सांगेल. घरी सांगणं सगळ्यांत महत्त्वाचं. सहा आठवडे हात वापरायचा नाही असं डॉक्टर म्हणतात, तेव्हा पाणी कोण भरणार हे घरात बसून ठरवावं लागतं. ते नुसतं सुनेवर ढकललं तर आपण एका बाईचा खांदा वाचवायला दुसरीचा घालवला, एवढंच होईल. मुलानं आणि नवऱ्यानंही गुंड उचलायचा.

बैठकीच्या सुरुवातीला दहा मिनिटं, ज्यांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितले आहेत त्यांनी ते सोबत करायचे. घरी एकटीला कोणी करू देत नाही, चार जणी मिळून होतात.

आणि वहीतल्या नोंदी घेऊन आपण मागणी करायची, समुद्रपूरला ठरलेल्या वारी हाडाचा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट हवा. ऐंशीच्या दशकात सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी गावोगाव लोकांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवला. लोक ज्वारी देत होते आणि दवाखान्यावर हक्क सांगत होते. हे याच जिल्ह्यात घडलं. हक्क सांगणं आपल्याला नवीन नाही.

आईचं काय झालं ते सांगून थांबते. ती रोज पाठीवर पडून डाव्या हातानं उजवा हात उचलते. आधी तिला मदत लागायची, आता थोडा एकट्यानं जातो. घास तोंडापर्यंत जातो. कोपर टेबलावर टेकवून ती वेणी घालते. दांडीवर कपडे अजून घालू शकत नाही, तर माझ्या भावानं दांडी खाली बांधली आणि तो स्वतःच कपडे वाळत घालतो. पूर्ण हात परत येणार नाही, हे तिला माहीत आहे.

परवा मी तिला विचारलं, मीटिंगमध्ये तुझी गोष्ट सांगू का? म्हणाली, “सांग. पण नुसती रडगाणी नको सांगू. बायाइले सांग, पडली का त्याच हप्त्यात जा म्हणा.”

तेच सांगायला आले होते. घरी गेल्यावर आपापल्या आईला, सासूला समोर बसवा आणि म्हणा, दोन्ही हात वर कर बरं. एक हात खाली राहिला, तर ‘वय झालं’ म्हणू नका. तिच्यासोबत एस. टी.त बसा.